वंशावळीत नसलेली आजी : गोंदियाच्या बोली आणि घराण्याचा इतिहास

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती सर्वांत आधी येते ती वंशावळ. मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे, अशी ती फांद्यांनी वाढत जाते. सात-आठ पिढ्यांचा असा कागद गोंदिया जिल्ह्यातल्या अनेक घरांत सापडतो. कुठे तो जमिनीच्या वाटणीसाठी केलेला असतो, कुठे जातपडताळणीसाठी. तो पाहताना एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. सात पिढ्यांच्या कागदावर चाळीस-पन्नास नावे असतात आणि त्यांत बाई जवळजवळ नसते. खापरपणजोबांचे नाव सगळ्यांना पाठ असते. खापरपणजीचे नाव काय, ती कोणत्या गावची, हे विचारले तर घर गप्प होते.

या लेखाचे म्हणणे साधे आहे. कागदाने ज्या आज्या-पणज्या गाळल्या, त्यांच्या खुणा बोलीने ठेवल्या आहेत. घरात एखादी वस्तू, एखादे नाते, शेतातले एखादे काम ज्या शब्दाने ओळखले जाते, तो शब्द बरेचदा कुणा सुनेने माहेरहून आणलेला असतो. मात्र बोलीचा हा पुरावा कसा वाचायचा आणि त्याच्याकडून काय मागायचे नाही, हे समजून घेतले पाहिजे. तो वाचण्यासाठी गोंदियाइतका चांगला मुलूख महाराष्ट्रात क्वचित असेल.

सीमेवरचा मुलूख

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे तालुके आठ : गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली आणि पश्चिमेला भंडारा. जंगल आणि तलावांच्या या पट्ट्याला लोक झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या मराठीला झाडीबोली.

आजच्या सीमा नव्या आहेत, वस्ती जुनी आहे. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात लांजिका, भाणारा आणि वैरागर या मंडलांची नावे येतात. लांजिका म्हणजे आमगावपासून जवळ असलेली, आज बालाघाट जिल्ह्यात मोडणारी लांजी. भाणारा म्हणजे भंडारा. इथल्या माणसांचे येणेजाणे छत्तीसगडाशी किती जुने आहे, याची ही दगडात कोरलेली साक्ष.

इंग्रजी अमलात १८६७ साली बालाघाट जिल्हा तयार झाला, तेव्हा जुन्या भंडाऱ्याचा काही भाग तिकडे गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि १ मे १९६० ला आपण महाराष्ट्र झालो. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकींनी ती मानली नाही. आमगाव-सालेकशाच्या घरांत आजही लांजी-बालाघाटकडच्या सुना येतात आणि इकडच्या लेकी तिकडे जातात. एका भावंडाची मुले मराठी शाळेत शिकली, दुसऱ्याची हिंदी शाळेत. त्यामुळे एकाच कुळाची दोन पिढ्यांची कागदपत्रे दोन भाषांत आणि दोन राज्यांच्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात.

कागद काय ठेवतात

या भागात घराण्याचा माग काढायचा तर कोणकोणते कागद मिळतात, ते आधी पाहू. गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहीत असे, ती कोतवाल बुकातली नोंद. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. बंदोबस्ताची मिसल, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. शेवटच्या दोहोंत गावाने जंगल, तलाव, चराई यांचा वापर कसा करायचा, कुणाचा हक्क काय, हे लिहिलेले असते. इंग्रजी बंदोबस्तात गावांची मालकी मालगुजारांकडे आली आणि ती पद्धत १९५१ साली संपली. इथल्या तलावांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात, ते त्यामुळेच.

या कागदांचे आजच्या जगण्यात वजन मोठे आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. तो शोध वडील, आजोबा, पणजोबा असाच वर चढतो. मुलगी असली तरी पुरावा तिच्या बापाच्या घराचा. कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदींतही बहुधा बापाचे नाव असते, ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढे असते. आईचे नाव मिळाले तर नशीब.

शिवाय ही नोंद कानाने ऐकून हाताने लिहिलेली. सांगणारा झाडीत किंवा पोवारीत सांगणार आणि लिहिणारा त्याला जमेल तसे लिहिणार. म्हणून एका कागदावर गनपत असतो, दुसऱ्यावर गणपत. एकीकडे सामराव, दुसरीकडे शामराव. आडनावांचेही तसेच. रहांगडाले, राहांगडाले, बिसेन, बिशेन. कचेरीतल्या टेबलापाशी हा फरक अडचणीचा ठरतो आणि माणसे प्रतिज्ञापत्रे करत बसतात. बोलीचे नियम ठाऊक असलेल्याला मात्र त्यात गोंधळ दिसत नाही. बोलीत ‘ण’ नाही म्हणून गनपत, ‘श’ नाही म्हणून सामराव. जुनी नोंद अनेकदा अशुद्ध नसते; माणसाच्या तोंडचे नाव तिने जसेच्या तसे जपलेले असते.

एका अक्षरात माहेर

झाडीबोलीचे ध्वनी हा वाचनाचा पहिला धडा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास, शब्दसंग्रह आणि साहित्य संमेलने यांसाठी आयुष्य वेचले. झाडीत लिहिणाऱ्यांची एक फळीच त्यातून उभी राहिली. या अभ्यासातून पुढे आलेली ठळक वैशिष्ट्ये अशी : ‘ण’चा ‘न’, ‘श’ आणि ‘ष’चा ‘स’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. नपुंसकलिंग जवळजवळ नाहीसे झालेले आहे. प्रमाण मराठीत ‘माझे घर’, झाडीत ‘माजा घर’.

यातला ‘ळ’ फार बोलका आहे. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, जवळ म्हणजे जवर. लाखोळीची डाळ इथे लाखोरी होते. तलावाची पाळ होते ‘पार’. बैलांचा पोळा होतो ‘पोरा’, आणि हाच सण छत्तीसगडातही ‘पोरा’ या नावानेच ओळखला जातो. आता पश्चिमेकडे चला. वऱ्हाडात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, काळ्याला ‘काया’. तिथे ‘ळ’चा ‘य’ झाला.

समजा, अर्जुनी मोरगावच्या एका घरात सगळे ‘डोरा’ म्हणतात. फक्त एक म्हातारी मावशी ‘डोया’ म्हणते आणि तिच्या हाताखाली वाढलेल्या दोन नातीही लहानपणी तसेच म्हणत. वंशावळीत मावशी नाही. तिच्या आईचे गाव कुणाला आठवत नाही. पण त्या एका ‘य’ने निदान दिशा दाखवली : ते माहेर पश्चिमेचे. तिकडच्या एखाद्या दूरच्या नातेवाइकाला गाठले, तर गावाचे नावही मिळू शकते.

नात्याच्या शब्दांचेही असेच. बहिणीच्या नवऱ्याला या पट्ट्यात ‘भाटो’ म्हणतात. छत्तीसगडीतही तो शब्द आहे. मुलगा-मुलगीला ‘टुरा-टुरी’, तेही दोन्हीकडे. एका घरात बापाच्या बहिणीला आत्या म्हणतात, तर त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरात फुफू. हाक मारण्याच्या तऱ्हाही पाहा. बरोबरीच्या पुरुषाला ‘का गा’, बाईला ‘का वो’, मान द्यायचा तर ‘का जी’. हे शब्द मूल ज्यांच्या कडेवर वाढते त्यांच्याकडून घेते. पुस्तकातून ते येत नाहीत, बाजारातूनही सहसा येत नाहीत. म्हणून घराच्या आतल्या इतिहासासाठी ते भरवशाचे.

पोवारीचा धडा

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या भागांत पोवार समाजाची मोठी वस्ती आहे. बिसेन, कटरे, पटले, रहांगडाले, टेंभरे, बोपचे, ठाकरे, तुरकर, हरिणखेडे अशी त्यांची कुळे. समाजात छत्तीस कुळांची गणना सांगतात. परंपरा अशी की पूर्वज माळव्यातल्या धारचे; तिथून ते नगरधनकडे आले आणि भोसल्यांच्या काळात वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या जमिनी कसू लागले. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातही ही परंपरा नोंदलेली आहे.

त्यांची बोली पोवारी. ‘माझा’ला पोवारीत ‘मोरो’, ‘तुझा’ला ‘तोरो’. ‘आहे’ला ‘से’, ‘जातो’ला ‘जासे’, ‘येतो’ला ‘आवसे’. ‘मध्ये’साठी ‘मा’, ‘आणि’साठी ‘अना’. हे ऐकल्यावर मराठी कानाला ती हिंदीची वाटते आणि हिंदी कानाला मराठीची. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात पोवारी पूर्वी हिंदीच्या सहाव्या खंडात गेली. तो खंड १९०४ चा. इथली मराठी १९०५ च्या सातव्या खंडात आली, हलबीही त्याच खंडात. गोंडी गेली द्राविडी भाषांच्या चौथ्या खंडात. म्हणजे गोंदियाच्या एका आठवडी बाजारात शेजारीशेजारी बसून भाजी विकणाऱ्या बायकांची बोली पुस्तकांत तीन खंडांत वाटली गेली. २०११ च्या जनगणनेनेही पोवारी हिंदीच्या पोटातच मोजली.

आता बोलीचा पुरावा कसा वाचायचा नाही, ते इथे शिकता येते. ‘आमचे पूर्वज धारचे’ हे सिद्ध करायला कुणी पोवारीतले माळवी वळणाचे शब्द वेचू लागले, तर त्याला काही मिळतीलही. पण त्याच बोलीत पूर्वेकडचा ‘मोर’ आहे आणि झाडीतले टुरा-टुरीही आहेत. शेतीचे शब्द तर जवळजवळ सगळे इथले : धानाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या तुकड्याला ‘बांधी’, तिच्या कडेच्या बांधाला ‘धुरा’, रोप लावण्याच्या कामाला ‘रोवना’. यातून एवढेच म्हणता येते की ही माणसे वैनगंगेच्या काठी धान करायला शिकली तेव्हा शेजारी कोण होते, रोवन्याच्या रांगेत बाजूला कोण वाकले होते. शब्द शेजार सांगतो, रक्त सांगत नाही. कुणी कुणाच्या पोटी जन्मला, हे शब्दाला विचारू नये. कोण कुणाजवळ राहिले, कुणाच्या हातचे जेवले, कुणाचे पाहून काम शिकले, हे विचारावे. त्याचे उत्तर तो इमानाने देतो.

कोहळी समाजाचे उदाहरणही तसेच. तलाव बांधणारे म्हणून त्यांची ख्याती. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. पूर्वज बनारसकडून आले अशीही एक कथा आहे. ती खरी की खोटी, हे शब्दांवरून ठरणार नाही. पण पाळीतून पाणी सोडण्याच्या सोयीला ‘तुडूम’, जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेला ‘सलंग’, लहान तळ्याला ‘बोडी’ हे शब्द या पट्ट्यात जाती ओलांडून सगळ्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. पाण्याची विद्या एकाची, ती वापरली सगळ्यांनी. शब्दाने ही देवघेव लिहून ठेवली.

गिरणी, बिडी आणि लाइन

खेड्यातल्या बोलीवर थोडेफार काम झाले, शहराच्या बोलीकडे मात्र कुणी फारसे पाहिले नाही. गोंदिया शहर रेल्वेने घडवले. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात इथून गेली, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती पुढे ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे आणि नागभीड-चांद्याकडे अरुंद रूळ पडले. लोकांनी त्याला ‘छोटी लाइन’ म्हटले. जंक्शन झाले तसा धान, मोहा, लाख, डिंक आणि तेंदूपाने यांचा व्यापार वाढला. गोंदिया हे नावच डिंकावरून, म्हणजे गोंदावरून, की गोंडांवरून, याच्या दोन्ही कथा शहरात सांगतात.

मग भातगिरण्या आल्या, बिडीचे कारखाने आले. गुजरातच्या चरोतर भागातून तंबाखू-बिडीचे व्यापारी आले, मारवाडी-अग्रवाल आले, १९४७ नंतर सिंधी कुटुंबे आली, रेल्वेसोबत तेलुगू आणि बंगाली माणसे आली, गिरण्यांत आणि हमालीला छत्तीसगडी मजूर आले. बाजाराची भाषा हिंदी झाली. तीही दिल्लीची नव्हे. ‘क्या करके रहा बे’ म्हणणारी, झाडीचे हेल घेतलेली.

या उद्योगांनी आपापले शब्द घरात आणले. तेंदूपानांचे ‘पुडके’ बांधतात; महाराष्ट्रात एका पुडक्यात सत्तर पाने. बिडीची मजुरी हजारावर. माल तपासून खराब बिडी बाजूला काढणे म्हणजे ‘छटाई’. कारखाना आणि घर यांच्यामध्ये असलेला माणूस ‘सट्टेदार’. बिडी हा मुख्यतः बायकांनी घरी बसून केलेला धंदा. सुपात पाने-तंबाखू घेऊन ओसरीवर बसलेल्या चार जणींत एक झाडी बोलणारी, एक पोवारी, एक छत्तीसगडी. त्यांच्या मुलांनी तिन्ही बोली कानांवर घेतल्या आणि शाळेत गेल्यावर तिन्ही लपवल्या. ज्या घरात आजी सट्टेदार, छटाई, हजारी असे शब्द सहज वापरते, त्या घरात बिडी वळली गेली होती, मग पुढच्या पिढीने ते सांगो वा न सांगो. अनेक घरांचे पहिले शिक्षण या हजारांवर झाले. वंशावळीत त्या हातांची नोंद नाही.

दुसऱ्या एका गिरणीतला मुलगा

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफोर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. त्याच्या शेजारच्या खेड्यात १८५५ साली जोसेफ राइट जन्मला. लहानपणीच सॉल्टेअरच्या गिरणीत कामाला लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. नंतर तो शिकला, जर्मनीत गेला आणि ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९२ साली त्याने आपल्या विंडहिल गावच्या बोलीचे व्याकरण लिहिले आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. गावोगावच्या साध्या माणसांनी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून पाठवले, त्यांतून तो कोश उभा राहिला. त्याची पत्नी एलिझाबेथ मेरी राइट हिनेही १९१३ साली ग्रामीण बोली आणि लोकसमजुतींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. इकडे ग्रिअर्सनचे खंड निघत होते तेव्हाच तिकडे हे चालू होते.

फरक एवढाच की राइट स्वतः त्या बोलीचा होता. ग्रिअर्सनला नमुने सरकारी अंमलदारांमार्फत मिळत. ठरावीक शब्दांची यादी असे आणि प्रत्येक बोलीत बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर करून घेतले जाई. त्या गोष्टीत बाप आहे, दोन मुलगे आहेत, आई नाही. शंभर वर्षांपूर्वीचे आपल्या बोलींचे सर्वांत मोठे दप्तर ज्या गोष्टीवर उभे राहिले, तिच्यातही आईला जागा नव्हती.

पुढे १९५० ते १९६१ या काळात लीड्सच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी इंग्लंडच्या ३१३ ठिकाणी तेराशेहून अधिक प्रश्नांची यादी घेऊन माणसे पाठवली. त्यांनी मुख्यतः खेड्यातले म्हातारे शेतकरी पुरुष निवडले, कारण जुनी बोली त्यांच्याकडेच निर्मळ राहिली असे मानले जाई. गिरण्यांची शहरे बहुतेक बाहेर राहिली, बायकाही बऱ्याच बाहेर राहिल्या. काम मोठेच होते. पण घरच्या बोलीचे अर्धे जग त्यात आले नाही आणि ज्या शहरांत लाखो लोक बोली बदलत होते तिथला तो बदल नोंदायचा राहून गेला. गोंदियाच्या बाबतीत तीच चूक करण्याइतका वेळ आता आपल्याकडे नाही.

घरच्या घरी काय करता येईल

महाराष्ट्रात बोलींच्या नोंदीचे काम संस्थांनी केले आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठी बोलींचे सर्वेक्षण केले. पण कोणतीही संस्था तुमच्या आजीला तिच्या माहेरच्या चुलीबद्दल विचारायला येणार नाही. ते घरच्यांनीच करायचे.

पहिली गोष्ट, प्रश्न माणसाबद्दल न विचारता वस्तूबद्दल विचारावा. ‘तुझ्या आईचे गाव कोणते’ याला ‘काय मालूम’ असे उत्तर येते. ‘माहेरी पाणी कशात भरायच्या’ म्हटले की गुंडी येते, गंज येतो, सराटा येतो, मग ती गुंडी कुणी दिली ते येते आणि मागोमाग गाव येते.

दुसरी, काळ विचारताना साल विचारू नये. जुन्या माणसाला सन सांगता येत नाही, पण घटना सांगता येतात. १८९६ ते १९०० च्या मोठ्या दुष्काळांत एकट्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत साडेसात लाखांच्या आसपासवरून सहा लाख त्रेसष्ट हजारांवर आली. त्या काळाची गोष्ट घराघरांत झिरपलेली आहे. १९१८ ची मानमोडीची साथ, मालगुजारी गेली ते वर्ष, ‘आपण महाराष्ट्रात गेलो’ ते वर्ष, या खुंट्यांवर आठवणी टांगाव्यात. ‘पणजी मानमोडीत गेली’ एवढे कळले तरी एका बाईचे साल मिळाले.

तिसरी, गावाच्या नावाकडे लक्ष द्यावे. या पट्ट्यात ‘टोला’ शेवटी असलेली गावे पुष्कळ आहेत. टोला म्हणजे मूळ गावातून फुटून निघालेली वस्ती. घराणे टोल्याचे असेल तर जुन्या नोंदी मूळ गावाच्या नावाखाली शोधाव्यात.

चौथी, आवाज नोंदवावा आणि शब्द ऐकू येतो तसाच लिहावा. ‘डोरा’चा ‘डोळा’ करू नये. शेजारी सांगणारीचे नाव, वय, माहेर, सासर आणि तो शब्द तिने कुणाकडून घेतला ते लिहावे. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. तीर्थाच्या ठिकाणी पंड्यांच्या वह्या असतात, भाटांच्या पोथ्यांची आठवण पोवार घरांत निघते. त्या जरूर पाहाव्यात. पण त्यांतही नावे पुरुषांचीच असणार. हा रकाना मात्र बायकांनी भरेल.

शेवटची, वंशावळीच्या कागदावर प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे एक जागा मोकळी ठेवावी आणि तिथे बाईचे नाव, माहेर आणि तिच्याकडून घरात आलेला एक शब्द लिहावा. नाव मिळाले नाही तर निदान शब्द लिहावा. ‘पश्चिमेकडची, डोया म्हणणारी’ एवढीही नोंद कोऱ्या जागेपेक्षा पुष्कळ आहे.

आताच का

झाडी किंवा पोवारी उद्या संपेल असे भय दाखवायचे कारण नाही. झाडीत नाटके होतात, पोवारीत कविता लिहिल्या जातात, तरुण मुले मोबाइलवर पोवारीत गमतीजमती टाकतात. बोली राहील. पण बोली राहणे आणि घरातली बोली राहणे यांत फरक आहे. नव्या पिढीची पोवारी साऱ्या समाजाची म्हणून एकसारखी होत चालली आहे. आमगावची, तिरोड्याची, लांजीची वेगळी ओळख तिच्यात विरत जाते. घराण्याच्या इतिहासाला हवी असते ती नेमकी वेगळेपणाची खूण : आपल्याच घरात, एकाच बाईच्या तोंडी असलेला तो एक शब्द. तो समाजाच्या कोशात येणार नाही, शाळेत शिकवला जाणार नाही. ती बाई गेली की तो जातो आणि त्याच्याबरोबर तिचे गावही जाते.

बलिप्रतिपदेला गायगोधन होईल. भाऊबीज उलटली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरेल. दंडार होईल, रात्री नाटक होईल. लेकी माहेरी आलेल्या असतील, आत्या-मावश्या एका अंगणात बसतील, नागपूर-पुण्याला गेलेली मुलेही चार दिवस घरी असतील. तीन-चार पिढ्या आणि तितकीच माहेरे एका ओसरीवर एकत्र येण्याचा वर्षातला हा मोका. त्या वेळी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावे, मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करावे आणि विचारावे : माय, तुझ्या माहेरी पोऱ्याच्या दिवशी काय रांधत होते? पुढचे तीच सांगेल.